सभा मोबाईलवर, मग सभासदाचा आवाज कुठे?

सभा हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, १९२७ साली महाडला परिषद भरवली आणि ज्यांना गावच्या चावडीसमोर उभे राहण्याची सोय नव्हती, त्यांना सभेत बसून ठराव करायला शिकविले. अध्यक्ष कोण, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे आपल्या आजोबा-पणजोबांना पाठ होते. चाळीतल्या मंडळाच्या वह्या आजही कोणी उघडून पाहाव्यात. दोन इयत्ता शिकलेल्या माणसांनी लिहिलेली इतिवृत्ते त्यात सापडतील, आणि कोणी विरोध केला तोही त्यात नोंदलेला सापडेल.

आज तीच सभा मोबाईलच्या पडद्यावर आली आहे. विशेषतः आपण ज्या सोसायट्यांमध्ये राहतो, तिथली सभा. यात वाईट काही नाही. परंतु सभा पडद्यावर नेताना सभेचे नियमही सोबत नेले गेले का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो आपण विचारला पाहिजे, कारण या सभांमध्ये आता आपल्या डोक्यावरच्या छपराचा निर्णय होतो आहे.

आम्ही स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. मुंबईच्या उपनगरातली जुनी सोसायटी, पन्नासच्या आत सभासद. आमचे एक ज्येष्ठ स्नेही तिथे राहतात. गिरणीत आयुष्य घालवले, मिळालेले पैसे आणि पत्नीचे दागिने घालून घर घेतले. इमारत आता मोडकळीस आलेली, म्हणून पुनर्विकासाची सभा ठरली. फलकावर नोटीस लागली. त्यात लिहिले होते, 'सभा ऑनलाइन होईल, लिंक ग्रुपवर पाठविण्यात येईल.' लिंक आली सभेच्या आदल्या रात्री साडेदहाला. काकांचा फोन बटणांचा. ते त्या ग्रुपवर नाहीतच.

रविवारी सकाळी नातवाचा फोन घेऊन ते बसले. आम्ही शेजारी होतो. त्यांनी एका कागदावर तीन प्रश्न लिहून ठेवले होते. पर्यायी घराचे भाडे किती महिन्यांचे आगाऊ मिळणार? काम रखडले तर भाडे कोण देणार? नव्या इमारतीचा देखभाल खर्च आमच्यासारख्या निवृत्ताला झेपेल एवढा राहील याची हमी काय? सभा सुरू झाली आणि आवाजाचा गोंधळ होतो म्हणून सचिवांनी सर्वांचे आवाज बंद केले. म्यूट. काका बोलत होते, हात वर करत होते, नातू बटण शोधत होता. पलीकडून आवाज आला, "कोणाची हरकत आहे का? नाही? मग ठराव सर्वानुमते मंजूर." पंचवीस मिनिटांत सभा संपली. काका कागद हातात धरून बसून राहिले. आम्हाला म्हणाले, "अरे, मी तर बोलत होतो!"

वाचकहो, हा एका सोसायटीचा किस्सा म्हणून सोडून देण्यासारखा विषय नाही. ज्याचा आवाज बंद केला आहे, त्याच्या गप्प राहण्याला संमती म्हणायचे का, असा हा प्रश्न आहे. हजारो वर्षे आपल्या समाजाच्या गप्प राहण्याचा अर्थ इतरांनीच लावला. आता तो अर्थ आपल्याच सोसायटीच्या इतिवृत्तात लावला जात असेल तर आपण स्वस्थ बसावे काय?

या प्रश्नावर जगात दुसरीकडे काय झाले, हे पाहणे उपयोगाचे आहे. अमेरिकेत घरमालकांचे संघ असतात. आपल्या सोसायटीसारखेच, पण अधिकाराने अधिक जबरदस्त. दाराचा रंग कोणता, अंगणात काय लावायचे, वर्गणी किती, दंड किती, हे सारे संघ ठरवतो. सात कोटींहून अधिक अमेरिकन माणसे अशा संघांच्या कारभाराखाली राहतात. एकट्या कॅलिफोर्निया राज्यात असे संघ पन्नास हजारांच्या घरात आहेत, आणि संगणकाच्या नोकरीसाठी तिकडे गेलेली आपली अनेक मराठी कुटुंबेही त्यांचे सभासद आहेत.

या कॅलिफोर्नियात पूर्वी असा नियम होता की संचालकांची सभा दूरध्वनीवर किंवा पडद्यावर घेतली तरी एक प्रत्यक्ष जागा ठेवलीच पाहिजे, जिथे सभासद येऊन बसू शकेल. करोना आला आणि तो नियम अडचणीचा ठरला. २०२१ मध्ये आपत्तीच्या काळापुरती सूट देणारा कायदा झाला. पुढे २०२३ मध्ये विधिमंडळाने नवा कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून पूर्णपणे पडद्यावरची सभा तिथे कायदेशीर झाली. परंतु ही मोकळीक देताना त्यांनी अटी घातल्या. त्या अटी आपल्या प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावाव्यात अशा आहेत.

पहिली अट, सभेच्या नोटिशीतच सभेत सामील कसे व्हायचे याच्या स्पष्ट सूचना हव्यात. 'लिंक नंतर पाठवू' चालणार नाही. दुसरी अट, ज्याला जमत नाही त्याला मदत करणाऱ्या माणसाचा फोन नंबर आणि ई-मेल नोटिशीत हवा, आणि ती मदत सभेच्या आधीही मिळाली पाहिजे आणि सभा चालू असतानाही. तिसरी अट, नोटीस आपल्याला व्यक्तिशः मिळावी अशी मागणी सभासद करू शकतो, याची आठवण आणि त्याची रीत नोटिशीतच लिहिलेली हवी. चौथी अट सर्वांत महत्त्वाची. प्रत्यक्ष सभेत सभासदाला भाग घेण्याची जेवढी संधी मिळाली असती, तेवढीच पडद्यावरच्या सभेत मिळाली पाहिजे. पाचवी अट, संचालकांचे मत एकेकाचे नाव पुकारून घेतले पाहिजे. म्हणजे कोण बाजूने आणि कोण विरोधात, हे सर्वांना कळते. सहावी अट, ज्याला सभेत भाग घेण्याचा हक्क आहे, त्याला साध्या फोनवरून सामील होण्याचा पर्याय दिलाच पाहिजे.

ही शेवटची अट पुन्हा वाचा. साध्या फोनवरून! संगणकाची राजधानी समजल्या जाणाऱ्या राज्यात कायदा करणाऱ्यांना हे कळले की प्रत्येकाकडे महागडा फोन नसतो, प्रत्येकाचे डोळे धड नसतात, प्रत्येकाला बटणे सापडत नाहीत. आणि मुंबई-पुण्यातल्या आपल्या सोसायट्यांना हे कळू नये?

आणखी दोन गोष्टी. ज्या सभेत निवडणुकीच्या गुप्त मतपत्रिका मोजायच्या, ती सभा या कायद्याने मोकळिकीतून वगळली. कारण मतमोजणी डोळ्यांसमोर झाली पाहिजे. आणि तिथल्या कायद्यात त्याआधीपासून असे आहे की संचालकांनी आपसात ई-मेल फिरवून सोसायटीचा कारभार उरकायचा नाही. अपवाद फक्त आणीबाणीचा, आणि तोही सर्व संचालकांची लेखी संमती असेल तरच. आपल्याकडे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अंगठे मोजून ठराव 'पास' करणाऱ्या समित्यांनी याचा विचार करावा.

अर्थात अमेरिकेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. या घरमालक संघांचा जुना इतिहास काळा आहे, आणि तो आपल्याला फार ओळखीचा वाटेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे शेजारपाजारचे घरमालक एकत्र येऊन करार करीत, की या वस्तीतले घर कृष्णवर्णीयाला विकायचे नाही. सेंट लुईस शहरात शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने १९४५ साली घर घेतले. त्या घरावर १९११ सालचा असा करार होता. शेजारी कोर्टात गेले, आणि त्यांच्या पाठीशी तिथली घरमालकांची संघटना उभी होती. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असा करार कोणतेही न्यायालय अंमलात आणून देणार नाही. पुढे १९६८ च्या कायद्याने घराच्या व्यवहारातला वर्णभेदच बेकायदा ठरविला. आज कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तरतूद आहे की संघाच्या कागदपत्रात असे भेदभावाचे कलम शिल्लक असेल तर संचालकांनी ते सभासदांच्या मताची वाट न पाहता काढून टाकावे.

ही शेवटची तरतूद नीट समजून घ्या. काही गोष्टी बहुमतावर सोडायच्या नसतात. माणसाला शेजारी राहू द्यायचे की नाही, यावर सभा भरवून हात वर करायचे नसतात. आपल्या देशात मात्र २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध मानला. त्या निकालाचा आडोसा घेऊन कोण कोणाला घर नाकारतो, हे घर शोधत फिरलेल्या आपल्या प्रत्येक तरुणाला ठाऊक आहे. आडनाव विचारले जाते, जेवणाचे विचारले जाते आणि मग 'घर गेले' असे सांगितले जाते. म्हणून आम्ही म्हणतो, आधी सोसायटीच्या दारातून आत जाण्याचा लढा, आणि आत गेल्यावर सभेत बोलण्याचा लढा. दोन्ही लढे एकच आहेत.

कोणी म्हणेल, हे सारे परदेशातले नियम, आपल्याला काय त्याचे? त्यांना आम्ही बाबासाहेबांच्या एका भाषणाची आठवण करून देतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की भारताला संसदीय कार्यपद्धती नवीन नाही. भिक्खू संघाला आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम माहीत होते आणि संघ ते पाळत होता. बाहेरून उसने आणण्याची गरज नाही. आपल्या घरातच ते आहे.

विनयपिटकातल्या महावग्गात तर आजच्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. संघाचे कार्य ठरले आहे आणि एक भिक्खू आजारी आहे, येऊ शकत नाही. मग काय करायचे? त्याने आपली संमती दुसऱ्या भिक्खूमार्फत पाठवायची. तिला 'छंद' असे नाव आहे. ती बोलून देता येते, बोलता येत नसेल तर खुणेने देता येते. तेही शक्य नसेल तर त्याला खाटेसह उचलून संघात आणायचे. आणि हलविल्याने त्याचा आजार वाढेल असे सेवा करणाऱ्यांना वाटले तर? तर संघानेच उठून त्याच्याजवळ जायचे आणि कार्य तिथे करायचे. पण एकाला वगळून अपुऱ्या संघाने कार्य उरकायचे नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांचा संघ एका आजारी माणसाच्या खाटेजवळ जात होता. आज आमचे सचिव एका वृद्ध सभासदाच्या दाराची बेल वाजवून 'काका, तुम्हाला सभेला जोडून देऊ का' एवढे विचारत नाहीत. पुढे गेलो ते आपण की मागे?

आणखी एक बाब. संघात महत्त्वाचा प्रस्ताव मांडल्यावर तो तीन वेळा पुकारला जाई. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे, असा नियम होता. म्हणजे मौन हीच संमती. पण हा नियम कधी न्याय्य ठरतो? प्रत्येकाला प्रस्ताव ऐकू आला असेल आणि प्रत्येकाला बोलता येत असेल तरच. म्हणून तर तीनदा पुकारायचे! सर्वांना म्यूट करून एकदाच 'हरकत आहे का' असे विचारणे आणि उत्तराची वाट न पाहता 'सर्वानुमते' लिहिणे, ही त्या थोर परंपरेची थट्टा आहे.

आता आपल्या राज्यातला कायदा पाहू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. एक सभासद, एक मत, हे त्याचे सूत्र. आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण पाच दिवस आधी द्यावी लागते. सभेत आपल्या वतीने दुसऱ्याला पाठविण्याची मुभा उपविधींनी ठेवलेली नाही. पुनर्विकासासाठी शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी पहिले निर्देश दिले. ते बदलून ४ जुलै २०१९ रोजी नवे दिले. त्यानुसार या सभेला दोन-तृतीयांश सभासदांची उपस्थिती लागते, एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते आणि सभेचे चित्रीकरण करावे लागते. करोनाच्या काळात सहकार खात्याने दृक्‌श्राव्य माध्यमातून सभा घेण्यास परवानगी दिली होती. २०२५ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी नव्या नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला, त्यातही अशा सभेची तरतूद होती. म्हणजे पडद्यावरची सभा ही आता करोनापुरती सोय राहिलेली नाही.

आम्ही पडद्यावरच्या सभेच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. रुग्णालयात रात्रपाळी करणारी आपली परिचारिका भगिनी, गडचिरोलीला बदली झालेला शिक्षक, अंथरुणाला खिळलेली आई, यांना फोनवरून सभा गाठता आली तर ते चांगलेच आहे. सभागृहात पुरुषांच्या आरडाओरड्यात ज्या महिला कधी बोलल्या नाहीत, त्या स्वयंपाकघरातून फोनवर नेमका मुद्दा मांडताना आम्ही ऐकल्या आहेत. प्रत्यक्ष सभेतही दादागिरी होतेच. परंतु तिथे गप्प बसविलेला माणूस उभा राहू शकतो, टेबलावर हात आपटू शकतो, चार शेजारी त्याच्याकडे पाहतात. पडद्यावर एका बटणात तो नाहीसा होतो आणि शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की प्रत्येक सोसायटीतल्या आपल्या बांधवांनी पुढील मागण्या लेखी कराव्यात आणि पोच घ्यावी.

१) सभा प्रत्यक्ष जागेत आणि पडद्यावर अशी एकाच वेळी दोन्ही ठिकाणी घ्यावी. ज्याला यायचे त्याने यावे, ज्याला शक्य नाही त्याने फोनवरून सामील व्हावे.

२) लिंक, साध्या फोनने सामील होण्याचा नंबर आणि मदत करणाऱ्याचे नाव व नंबर नोटिशीतच द्यावा. नोटीस मराठीत असावी आणि स्मार्टफोन नसलेल्या सभासदाला घरपोच द्यावी.

३) प्रत्येक विषयावर, विचारणाऱ्या प्रत्येक सभासदाला बोलण्याची वेळ द्यावी. गोंधळ टाळण्यासाठी आवाज बंद करायचे असतील तर मत घेण्याआधी ते उघडावेत.

४) पुनर्विकास, मोठा खर्च, कर्ज अशा विषयांवर नाव पुकारून मत घ्यावे आणि इतिवृत्तात बाजूने, विरोधात व तटस्थ असे आकडे लिहावेत. 'सर्वानुमते' हा शब्द मोजल्याशिवाय लिहू नये.

५) सभेचे चित्रीकरण समितीपुरते न ठेवता मागणाऱ्या सभासदाला त्याची प्रत द्यावी. फोन तुटला, वीज गेली आणि गणपूर्ती राहिली नाही तर सभा थांबवावी.

६) निवडणुकीची मतमोजणी सभासदांच्या डोळ्यांसमोरच व्हावी.

यातली एकही मागणी खर्चिक नाही. एक मोबाईल, एक स्पीकर आणि थोडी माणुसकी एवढेच भांडवल पुरते. आणि आपल्या तरुणांना आमचे सांगणे आहे की चळवळीचे काम करायला नेहमी मोर्चाच लागतो असे नाही. सभेच्या दिवशी आपल्या जिन्यातल्या दोन वृद्धांच्या शेजारी फोन घेऊन बसा. त्यांचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या, तुम्ही फक्त बटण दाबा.

त्या स्नेह्यांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्यासोबत बसून समितीच्या नावे अर्ज लिहिला, एक प्रत उपनिबंधकांना दिली. चौदा सभासदांनी सह्या केल्या. त्यातले निम्मे आपल्या समाजाचे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. ज्याचा आवाज बंद झाला होता तो प्रत्येकजण सही करायला आला. समितीने कुरकुर केली, पण सभा पुन्हा बोलाविली. या वेळी इमारतीच्या आवारात खुर्च्या मांडल्या आणि बाहेरगावच्या सभासदांसाठी फोन स्पीकरवर ठेवला. काकांनी आपला तोच कागद काढला आणि तिन्ही प्रश्न वाचले. पुनर्विकासाचा ठराव मंजूरच झाला. काकांनीही बाजूने मत दिले. परंतु भाडे आगाऊ मिळावे आणि काम रखडल्यास ते चालू राहावे, ही अट ठरावात लिहिली गेली. देखभाल खर्चाचे उत्तर अजून मिळायचे आहे. तो प्रश्न मात्र काकांच्या नावानिशी इतिवृत्तात नोंदलेला आहे.

पहिल्या सभेत पंचवीस मिनिटांत सारे 'सर्वानुमते' झाले होते. दुसरी सभा पावणेतीन तास चालली. लोकशाहीला वेळ लागतो. तो वेळ देण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी सचिवाच्या खुर्चीवर बसू नये.

जयभीम!